हरिहरेश्वरहून सॅटेलाइटवर बोलायचंय: नवा सेट घेऊ की आहे त्यावर भागेल?

हौशी (हॅम) रेडिओवरून उपग्रहामार्फत बोलण्याबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खारघरला गच्चीवरून दोन हँडी (हातातले छोटे रेडिओ सेट) आणि स्टील टेपच्या एलिमेंटची (काड्यांची) घरगुती यागी अँटेना घेऊन तुमचे आयएसएस (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक) आणि एसओ-५० या उपग्रहांवर बऱ्यापैकी संपर्क होतात. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांबरोबर श्रीवर्धन-हरिहरेश्वरला जाताय आणि तिथून एमके ६७ हे ग्रिड, म्हणजे नकाशावरची ठरावीक चौकट, इतर हॅमना त्यांच्या नोंदीसाठी द्यायचंय. पुढेमागे लक्षद्वीपही डोक्यात आहे. त्यासाठी महागडा ऑल-मोड (सगळ्या पद्धतींनी बोलता येणारा) सेट घ्यावा का, यागीला आणखी एलिमेंट लावावेत का, आणि डोक्यावरून जाणारे पास (उपग्रहाच्या फेऱ्या) तिथे कधी मिळतील, असं तुम्ही विचारलंय.

सेट विकत घेऊ नका आणि यागी आहे तशीच राहू द्या. डोक्यावरून जाणाऱ्या पासचा नाद मात्र सोडाच. खारघरच्या गच्चीवर तुम्ही इतरांना शोधत असता. कमी ऐकू येणाऱ्या ग्रिडमध्ये गेलात की लोक तुम्हाला शोधत असतात. ते कुठे बसलेत, त्यांना सॅटेलाइट कधी दिसतो आणि तुम्ही येणार हे त्यांना ठाऊक आहे का, यावर सगळं ठरतं. यागीला दोन एलिमेंट जोडून त्यात काही फरक पडत नाही.

आधी ग्रिडचं बघू, कारण त्यात तुमची गफलत होण्याची शक्यता आहे. रेखांशात २ अंश आणि अक्षांशात १ अंश अशी एक चौकट म्हणजे एक ग्रिड. ठाणे, वाशी, बेलापूर, खारघर, वर डहाणू आणि घाटावर इगतपुरी, हे सगळं एमके ६९. १९ अंशांची रेषा पनवेलजवळून जाते. तिच्या खालचं उरण, अलिबाग, मुरुड आणि पार पुणे शहर एमके ६८ मध्ये येतं. मुंबई-पुणे पट्ट्यातले बहुतेक हॅम या दोन चौकटींत राहत असल्यामुळे ही दोन ग्रिड सगळ्यांच्या लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) असतात. १८ अंशांच्या खाली एमके ६७ सुरू होतं. श्रीवर्धन गाव या रेषेच्या उत्तरेला, म्हणजे एमके ६८ मध्येच आहे. हरिहरेश्वरचं देऊळ रेषेच्या दक्षिणेला आहे, पण जेमतेम एखाद किलोमीटर. तेव्हा ‘आम्ही हरिहरेश्वरला उतरलोय’ एवढ्यावर ग्रिड सांगून मोकळे होऊ नका. होमस्टे रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे उभं राहायच्या जागेवर जीपीएसवर पाहा आणि अक्षांश-रेखांश दिसतील असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. समोरच्यापैकी कुणीतरी तो नक्की मागतो.

मनात शंकाच नको असेल तर बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरा आणि बाणकोट-वेळासच्या बाजूला जा. तिथे तुम्ही निःसंशय एमके ६७ मध्ये असाल. महाबळेश्वरसुद्धा याच ग्रिडमध्ये आहे आणि तिथल्या पश्चिमेकडच्या पॉइंटवरून क्षितिज झकास दिसतं, पण दिवाळीच्या सुट्टीत तिथे अँटेना फिरवायला जागा मिळाली तर मला कळवा. समुद्रातली एमके ५८, एमके ५७ ही ग्रिड त्याहून दुर्मीळ आहेत. तिथे जमीनच नाही, बोट लागते आणि बोटीवरून बोलायचं तर परवानगीचा वेगळाच पसारा. तो विषय आज नको.

आता पासबद्दल. मी याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो.

नवशिक्याला ६०-७० अंशांवरून जाणारा पास आवडतो, कारण सिग्नल दणदणीत येतो. पण त्या वेळी सॅटेलाइट तुमच्या डोक्यावर असतो, म्हणजे त्याच्या नजरेखालच्या वर्तुळाच्या मध्यभागी तुम्ही असता. आयएसएस सुमारे ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवर आहे. तिथून चारी बाजूंना साधारण २,२०० किलोमीटरपर्यंत दिसतं. ती महाराष्ट्रावर असताना त्या वर्तुळात भारत, श्रीलंका आणि आखाताचा पूर्वेकडचा भाग येतो. म्हणजे जे तुम्हाला खारघरहूनही भेटतात तेच. सॅटेलाइट तुमच्या क्षितिजाजवळ गेला की वर्तुळाची पलीकडची कड तुमच्यापासून दुप्पट लांब जाते. एमके ६७ साठी आसुसलेला माणूस त्या कडेवर बसलेला असतो.

आरएस-४४ या उपग्रहाच्या बाबतीत हा फरक फारच मोठा होतो. तो १,२०० ते १,५०० किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि चांगला पास २० मिनिटांच्या वर चालतो. तो इराणवर, कॅस्पियन समुद्राच्या अलीकडे असतो तेव्हा कोकण आणि मध्य युरोप दोन्ही एकाच वेळी त्याच्या नजरेत असतात. त्या क्षणी हरिहरेश्वरहून बघितलं तर तो वायव्येला, क्षितिजापासून ८-१० अंशांवर असतो. खारघरहून वायव्येला काय दिसतं? इमारती, आणि त्यांच्यामागे मुंबई. ठाण्यात आमच्या घरून त्या बाजूला येऊरचा डोंगर आहे, तो दहा अंश सहज खातो. कोकणच्या किनाऱ्यावर वायव्येला नुसतं पाणी. म्हणून मी म्हणतो की किनाऱ्यावर जाण्याचा खरा फायदा ग्रिडच्या आकड्याइतकाच त्या मोकळ्या क्षितिजाचा आहे. तो सोडून डोक्यावरच्या पासची वाट बघणं म्हणजे समुद्रावर जाऊन हॉटेलच्या टाकीत पोहणं.

खालच्या पासचा आणखी एक फायदा लोक विसरतात. सॅटेलाइट डोक्यावरून जातो तेव्हा मधल्या दोन-तीन मिनिटांत डॉपलर (सॅटेलाइटच्या वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक) झपाट्याने बदलतो आणि एका हातात अँटेना, दुसऱ्या हातात सेट अशी अवस्था असली की तारांबळ उडते. क्षितिजालगतच्या पासमध्ये वारंवारता सावकाश सरकते आणि अँटेनाही फारशी हलवावी लागत नाही. सिग्नल कमजोर असतो हे खरं, पण शहरातला विजेचा आवाज तिथे नसल्यामुळे तो कमजोर सिग्नलही स्वच्छ ऐकू येतो. पूर्वेकडचे पास मात्र कोकणात जपून निवडा. त्या बाजूला सह्याद्रीची भिंत आहे आणि गाव डोंगराच्या कुशीत असेल तर १५ अंशांखालचं काही मिळणार नाही. निघण्याआधी नकाशावर जागा ठरवा, प्रत्येक पासची सुरुवातीची आणि शेवटची दिशा वहीत लिहा आणि त्यातले समुद्राच्या बाजूचे पास निवडा. पासच्या वेळा काढायला फोनवर लुक फोर सॅट किंवा लॅपटॉपवर जीप्रेडिक्ट, दोन्ही चालतात. कक्षेची माहिती मात्र घरून निघताना ताजी उतरवून घ्या. किनाऱ्यावर नेट मिळेलच असं नाही आणि आयएसएसची जुनी माहिती आठवड्याभरात वेळ चुकवायला लागते.

एफएम की लिनियर हे तुम्ही कुणाशी बोलू इच्छिता यावर अवलंबून आहे, म्हणून ‘हे घ्या’ असं सरसकट सांगत नाही. एफएमच्या सॅटेलाइटवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. जो जोरात तो पुढे, आणि पूर्वेकडे इंडोनेशियाचे हॅम भलतेच उत्साही आहेत. आयएसएसचा पास दहाएक मिनिटांचा, त्यात पाच-सहा संपर्क झाले तरी छान. आरएस-४४ सारख्या लिनियर ट्रान्सपाँडरमध्ये (एक अख्खी पट्टी घेऊन परत पाठवणाऱ्या यंत्रात) ६० किलोहर्ट्झची पट्टी आहे, त्यात बरेच जण एकाच वेळी बोलतात आणि ग्रिड गोळा करणारे जुने खेळाडू बहुतेक तिथेच भेटतात. सॅटेलाइटवरून १०० ग्रिड जमवले की एआरआरएल या अमेरिकी हौशी रेडिओ संघटनेचा व्हीयूसीसी पुरस्कार मिळतो. त्यामागे लागलेल्यांना तुमचं एमके ६७ हवंय.

त्यामुळे माझा सल्ला असा. हातातल्या दोन हँडी न्याच. त्याशिवाय कुणा ज्येष्ठ हॅमकडून एफटी-८१७ किंवा ८१८ हा छोटा ऑल-मोड सेट उसना घ्या आणि डाउनलिंक (सॅटेलाइटकडून खाली येणारा सिग्नल) ऐकायला लॅपटॉपला एसडीआर डोंगल (छोटा रिसीव्हर) लावा. बोलायचं १४५ मेगाहर्ट्झवर एलएसबीमध्ये (लोअर साइडबँड), ऐकायचं ४३५ वर यूएसबीमध्ये (अपर साइडबँड). ट्रान्सपाँडर उलटा आहे. तुम्ही वरच्या वारंवारतेकडे सरकलात की खाली येणारा आवाज खालच्या वारंवारतेकडे सरकतो. अपलिंक (तुमचा वर जाणारा सिग्नल) आणि डाउनलिंक यांच्या वारंवारतांची बेरीज, डॉपलर सोडला तर, ५८१.६०५ मेगाहर्ट्झ येते. वहीच्या पहिल्या पानावर हा आकडा लिहून ठेवा. ऐकायचं ठिकाण ठरवलं की बोलायचं ठिकाण वजाबाकीने निघतं, मग दोन-तीन किलोहर्ट्झ इकडेतिकडे करून स्वतःचा आवाज शोधायचा.

इथे एक अट आहे. घरी गच्चीवर सराव करताना पास सुरू झाल्यापासून अर्ध्या मिनिटात स्वतःचा आवाज परत ऐकू यायला हवा. येत नसेल तर आरएस-४४ हरिहरेश्वरला नेऊ नका, एफएमवरच राहा. स्वतःला न ऐकता लिनियरवर हाका मारणारा माणूस आपण कुणाच्या संपर्कावर चढतोय हेही जाणत नाही. कानात इअरफोन घाला. स्पीकर लावला तर तोच आवाज माइकमधून पुन्हा वर जातो.

तुमच्याकडच्या दोन हँडींचा एक त्रास तुम्हाला खारघरलाही जाणवत असेल. बोलायचं बटण दाबलं की ऐकण्याचा सेट बहिरा होतो. १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७० येते आणि आयएसएसचा डाउनलिंक आहे ४३७.८००. आपल्याच सेटची तिसरी हार्मोनिक शेजारी येऊन बसते. अपलिंकच्या केबलमध्ये चांगला डायप्लेक्सर किंवा लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) घाला आणि पॉवर कमी करा. पाच वॅट आणि यागी हे एफएमसाठी भरपूर आहे. ऐकायच्या हँडीत ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५ आणि .७९० अशा पाच मेमरी भरा आणि पास पुढे जाईल तसं वरून खाली या. अपलिंकला ६७ हर्ट्झचा टोन (आवाजाबरोबर जाणारा बारीक सूर) लागतो. आयएसएसचा रेडिओ नेहमी रिपीटरवरच (आलेला आवाज परत खाली पाठवत) असतो असंही समजू नका. कधी पॅकेट (डेटा संदेश), कधी चित्रं पाठवणं, कधी शाळांचे संपर्क चालू असतात आणि स्पेसवॉक किंवा नवं यान जोडताना तो बंदच ठेवतात.

एसओ-५० ची गोष्ट जरा निराळी. त्याच्यात दहा मिनिटांचा टायमर आहे. तो चालू करायला ७४.४ हर्ट्झचा टोन देऊन दोनेक सेकंद कॅरियर (न बोलता नुसता सिग्नल) पाठवावा लागतो, बोलताना मात्र ६७. खारघरहून तुम्हाला तो आयता चालू मिळत असेल, कारण आधी कुणीतरी टायमर सुरू केलेला असतो. पहाटेच्या पासला अरबी समुद्रावर तसं कुणी नसतं. ७४.४ ची एक वेगळी मेमरी भरून ठेवा. तो २००२ सालचा आहे, म्हातारा झालाय. कुठला सॅटेलाइट सध्या चालू आहे हे निघायच्या आदल्या दिवशी एएमसॅट या हौशी उपग्रह संघटनेच्या स्थिती दाखवणाऱ्या पानावर बघा, माझ्या किंवा कुणाच्याही जुन्या उत्तरावर विसंबू नका. आपल्या इस्रोचा हॅमसॅट मे २००५ मध्ये पीएसएलव्ही-सी६ वरून गेला होता. आमच्या पिढीतले बरेच जण लिनियर त्याच्यावरच शिकले. २०१४ मध्ये तो गेला आणि त्यानंतर ज्यांनी सुरुवात केली त्यांना शिकायला घरचं असं काही राहिलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

जाहीर करणं हा भाग तुम्ही प्रश्नात विचारलाच नव्हता. चार-पाच दिवस आधी कुठल्या पासला, कुठल्या ग्रिडमधून आणि लिनियर असेल तर कुठल्या डाउनलिंकवर असाल हे लिहून टाका. हॅम्स डॉट ॲट या साइटवर अशा फिरत्या स्टेशनांची यादी असते, शिवाय आपापल्या गटांत टाका. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. मोजकेच पास जाहीर करा. चार दिवसांत चार पास पक्के पाळलेत तर पुढच्या वेळी लोक पहाटे उठून तुमची वाट बघतील. दहा जाहीर करून सहा चुकवलेत, कारण घरच्यांना जेवायला जायचं होतं, तर पुढच्या वेळी तुमच्यासाठी कुणी उठणार नाही. घरच्यांबरोबर जाताय म्हणून सांगतो, पासच्या वेळा आधी त्यांच्याशी ठरवा. पहाटेचे पास त्या दृष्टीने सोयीचे, सगळे झोपलेले असतात.

हवेत गेल्यावर कॉलसाइन (स्टेशनचं सांकेतिक नाव) आणि ग्रिड, बस. ‘माइक किलो सिक्स सेव्हन’. हवापाणी, अँटेना, सेट यांची चौकशी घरून करा. कुणाचं अर्धंच कॉलसाइन ऐकू आलं तर तेवढंच म्हणून त्यालाच पुन्हा बोलवा, बाकीचे थांबतील. संपूर्ण पास फोनवर रेकॉर्ड करा आणि लॉग नंतर लिहा. एका हातात यागी असताना लिहिता येत नाही आणि लिहिण्याच्या नादात अँटेना वळवायची राहते. लॉगमध्ये तारीख जपा. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधीचा पास यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशी येतो. तारीख चुकली की लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन नोंदवहीत समोरच्याची नोंद जुळत नाही आणि त्याचं ग्रिड लटकून राहतं. तिथे एमके ६७ चं नवं स्टेशन लोकेशन तयार करा. कॉलसाइनपुढे ‘पी’ लावून बोलणार असाल तर त्या कॉलसाइनचं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, हे आधीच ठरवा.

आता किनाऱ्यावरचा खरा प्रश्न. १९९३ आणि २६/११ नंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पोलीस आणि गावकरी दोघेही डोळ्यांत तेल घालून असतात, आणि ते योग्यच आहे. पहाटे पाचला समुद्राकडे तोंड करून, हातात काट्याकाट्यांचा अँटेना धरून इंग्रजीत अक्षरं म्हणणारा माणूस कुणालाही संशयास्पदच वाटेल. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे, त्यामुळे ‘सॅटेलाइट’ शब्द ऐकला की पहिला संशय तोच येतो. तुमच्याकडे फोन नाही, परवाना असलेला हौशी रेडिओ आहे, हे कागद दाखवून सांगता आलं पाहिजे. आल्याबरोबर होमस्टेच्या मालकांना आणि पोलीस पाटलांना भेटा, जवळच्या पोलीस ठाण्यात परवान्याची प्रत आणि साधं मराठीत लिहिलेलं पत्र द्या. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे उभे राहणार तेही त्यात लिहा. एवढं केलं की बहुतेक वेळा हवालदार स्वतःच बघायला येतात. जेटी, कस्टम चौकी, दीपगृह यांच्यापासून लांब राहा. इथे घराजवळ सराव करतानाही उरणला करंजाच्या नौदलाच्या बाजूला, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या दिशेने किंवा नव्या विमानतळाच्या कुंपणालगत अँटेना घेऊन फिरू नका.

परवान्यावर तुमच्या स्टेशनचा पत्ता असतो. त्या पत्त्याबाहेरून बोलण्यासाठी तुमच्या परवान्यात काय अटी आहेत त्या नीट वाचा आणि शंका असली तर डब्ल्यूपीसीला (परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाला) लेखी विचारा. व्हॉट्सॲपवर कुणी सांगितलं यावर जाऊ नका. वारंवारतेची काळजी नको, आपल्याकडे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हौशींना आहे आणि वर सांगितलेलं सगळं त्यात बसतं.

लक्षद्वीपचं मात्र एमके ६७ शी काही नातं नाही. कवरत्ती, अगत्ती एमके ६० मध्ये येतात, पण तिथलं आकर्षण ग्रिडचं कमी आणि व्हीयू७ (तिथल्या कॉलसाइनची सुरुवात) या, डीएक्ससीसी पुरस्कारात स्वतंत्र देश म्हणून मोजल्या जाणाऱ्या जागेचं जास्त आहे. त्यासाठी जगभरचे लोक वर्षानुवर्षं थांबलेले असतात. बेटावर जायचा प्रवेश परवाना ही एक गोष्ट, तिथून ट्रान्समिट करायची परवानगी ही पूर्णपणे दुसरी. पर्यटक म्हणून गेलात आणि बॅगेत हँडी निघाली तर अडचणीत याल. अंदमानचाही हाच मामला. २००४ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची रीतसर परवानगी घेतलेली मोहीम पोर्ट ब्लेअरला चालू होती, तेवढ्यात त्सुनामी आली आणि तेच सेट मदतकार्याच्या निरोपांना लागले. कागद नीट असले की सरकारी यंत्रणाही तुम्हाला उपयोगाचा माणूस समजते. तिथे एकट्याने जाण्यापेक्षा एखाद्या संस्थेच्या मोहिमेत सॅटेलाइटची बाजू सांभाळायला जा. एचएफवाल्यांना (लघुलहरींवर बोलणाऱ्यांना) तो माणूस नेहमी कमी पडतो, आणि तोवर तुमच्या लॉगमध्ये कोकणातले चार पास असतील तर तुम्हाला घेतीलही. विमानाने गेलात तर लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, प्रत्येकी १०० वॉट-अवरच्या आतल्या.

एफटी-८१७ उसना मिळत नसेल तर परवान्याची प्रत घेऊन ठाण्याला या, माझा महिनाभर वापरा. त्याची आतली बॅटरी आता टिकत नाही, तेव्हा बाहेरून १२ व्होल्टचा पॅक तुम्हीच आणा.